निरंक

सोमवार, ३ फेब्रुवारी

— आधी पाणी तापत ठेवलं. मग बावीस चादरी झटकल्या, ओल्या निघाल्या त्या सहा वेगळ्या टाकल्या. तोंडं धुऊन दिली. ज्यांना स्वतःचं स्वतः जमतं त्यांच्या पुढ्यात नुसतं भांडं ठेवलं, मध्ये हात घातला नाही. चहा. गोळ्या. केस विंचरले, नखं बघितली, खिडक्या उघडल्या. कोपऱ्यातल्या आजी भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांची खुर्ची उजेडाकडे वळवली, त्या परत भिंतीकडे वळल्या, वळू दिलं. मग अकरा वाजले. कंडक्टरबाईंना खुर्चीला बांधलं. मग ताटं मोजून —

"तेवढं नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

गेल्या गुरुवारची सकाळ सांगत होते. एकोणीस तारखेला आमच्या या मनोरुग्ण बायकांच्या संस्थेत तपासणीची कमिटी यायची आहे. ती म्हणे वॉर्डातल्या प्रत्येक मावशीला एकच प्रश्न विचारते — एक साधी सकाळ सांगा. म्हणून मोठ्या बाईंनी — संस्था त्याच चालवतात — ऑफिसात बोलावून तालीम घेतली. मी सांगत होते, त्या मान हलवत होत्या. अकराला मान थांबली.

"बाई, पण बांधतो ना आपण?"

"बांधतो. सांगत नाही."

घरी आले तेव्हापासून चैन नाही. मोठ्या बाईंचं काही वाटत नाही. वाटतं ते माझंच. सांगताना माझ्या आवाजात काडीचा फरक पडला नव्हता! नखं बघितली, खिडक्या उघडल्या, बांधलं. एका सुरात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कंडक्टरबाई तीस वर्षं बसवर होत्या. आता आमचा वॉर्ड हीच त्यांची गाडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं, दोन्ही बाजूंच्या खाटांवर ठोकायचं — "पुढे सरका, पुढे सरका, मधे बरीच जागा आहे." कोणाला त्रास नाही. उलट दोघीतिघी नियमाने त्यांच्याकडून तिकीट घेतात.

पण अकरा ते एक वॉर्डात मी एकटी. बाकीच्या दोघी मावश्या खाली जाऊन जेवण आणतात आणि पलीकडच्या दालनात ज्या खाटेवरून उठत नाहीत त्यांना भरवतात. त्या वेळात एकदा कंडक्टरबाई जिना उतरून, फाटकातून थेट बस स्टँडवर गेल्या. सापडल्या तेव्हा एका ड्रायव्हरला झापत होत्या — वीस मिनिटं लेट! दुसऱ्यांदा जिन्यातच पडल्या, कोपर मोडलं. तेव्हापासून त्यांना नियम चौदा लागू, अकरा ते एक बांधायचं.

जुन्या चादरीच्या पट्ट्या. मनगटाला आणि कमरेला. आत कापसाची गादी घालते, ती मी स्वतः शिवली आहे. वळ उठत नाही. माझी गाठ सगळ्यांत मऊ, म्हणून हे काम माझ्याकडे. मला त्याचा अभिमान होता. होता काय, आहे. लिहिताना खोटं कशाला.

बांधलं की हळू आवाजात सुरू होतं — "माझा स्टॉप गेला. घंटी मारा. उतरायचंय मला." दोन तास.

मी इथे आले त्याला तीन वर्षं झाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आजही बांधलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी कमिटीचे कागद माझ्याकडे दिले. नियमांची जुनी वही फाटली आहे, ती नव्या वहीत चांगल्या अक्षरात उतरवायची. सोबत एक पुस्तिका — देशोदेशींनी सह्या केलेला मानवी हक्कांचा करार, आपल्या भाषेत. आणि एक तक्ता. तक्त्यावर वर छापलंय: "स्थानिक नियम आंतरराष्ट्रीय कराराशी सुसंगत आहेत काय?" खाली तीन रकाने. हो, नाही, अंशतः.

पुस्तिका घरी आणली. दोन वेळा वाचली. अरे देवा, काय ती भाषा! भाषांतर करणाऱ्यालाच कोणी खुर्चीला बांधून लिहायला बसवलं होतं की काय! एकेक वाक्य म्हणजे लांबलचक बोगदा, शिरलं की पलीकडचा उजेड दिसत नाही. पण नेटाने वाचलं की कळतं. त्यात म्हटलंय ते साधंच आहे. आजारी माणूस हा आधी माणूस. त्याच्या अंगाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. माणसं कमी पडतात, ही त्याला कोंडायची सबब नाही.

मग आमची वही शेजारी ठेवली. नियम सहा — रुग्णाचे पत्र कार्यालयात उघडावे. नियम नऊ — ज्याने दाखल केले त्याच्याच परवानगीने भेट. नियम चौदा — "मनुष्यबळ अपुरे असेल त्या वेळी फिरत्या रुग्णास सुरक्षितपणे स्थिर ठेवावे."

स्थिर ठेवावे. बांधावे असा शब्दच नाही कुठे! तीन वर्षं मी तो नियम पाळते आहे आणि आज पहिल्यांदा वाचला.

नणंद स्वयंपाकघरातून आली, बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, आता देशोदेशीचं वाचायला लागलीस? इथल्या दुधाचा हिशेब लावून दे आधी."

ती संस्थेच्या स्वयंपाकघरात, मी वॉर्डात. तिनेच मला लावलं. ही मागची खोली आम्हा दोघींना नोकरीपायी मिळालेली. नोकरी गेली की खोली गेली. हे ती रोज बोलत नाही, पण भांडी जरा जोरात ठेवली की समजायचं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सरळ विचारलं. करार मोठा की नियम मोठा?

"मावशी, करारावर देशाने सही केली. नियम माझ्या आधीच्या बाईंनी केला, कारण त्यांच्याकडे तीन मावश्या होत्या. देश येतो का इथे पाळीला?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. कपडे धुतले, खोली पुसली, तरी दिवस सरेना.

ह्यांचा पाट्या रंगवायचा धंदा होता. हे पेन्सिलीने अक्षरं आखायचे, मी आत रंग भरायचे. "दवाखाना". "प्रवेश बंद". "येथे थुंकू नये". मी वाचायला शिकले ती अशी — आधी अक्षरांची पोटं भरली, अर्थ मागून आला. शाळेची पायरी चढले नाही, पण ह्यांच्या मागे लागून लागून पेपर, पुस्तक, औषधाच्या बाटलीवरचं, काय वाटेल ते वाचायला लागले. हे म्हणायचे, तुला कागद दिसला की मी दिसत नाही!

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ह्यांच्या नाकात नळी होती. हे ती ओढायचे. सिस्टरने कागद आणला, हात बांधायची परवानगी, सही करा. इतर बायका अंगठा देऊन मोकळ्या होत असत. मी म्हटलं, थांबा, वाचते. सबंध कागद वाचला. प्रत्येक ओळ. सिस्टर म्हणाली, वा, वाचता येतं तुम्हाला! तसल्या वेळीही मला बरं वाटलं. मग सही केली.

पाच दिवस हे बांधलेले होते. बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघायचे आणि मग हातांकडे बघायचे. परत माझ्याकडे. मी कपाळावरून हात फिरवत होते. ह्यांना विचारा, असं त्या कागदावर कुठे नव्हतं आणि मलाही सुचलं नाही.

हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नव्या वहीत नियम चौदा नाही. तेरानंतर पंधराचा चौदा केला. सहा आणि नऊमधले शब्दही मऊ केले, मोठ्या बाईंनी सांगितलं तसं.

आणि आज नवीनच काम निघालं. कमिटीला "बंधन नोंद रजिस्टर" दाखवावं लागतं. कोणाला बांधलं, किती वेळ, का, कोणी बांधलं, कोणी आदेश दिला. असं रजिस्टर आमच्याकडे कधी नव्हतंच. मोठ्या बाईंनी कोरं रजिस्टर पुढ्यात टाकलं. "गेल्या वर्षीच्या एक जानेवारीपासून लिहायचं. रोजची एक ओळ. निरंक."

निरंक म्हणजे काही नाही. ऑफिसात मोकळी जागा ठेवत नाहीत. काही नसलं तरी काही नाही असं लिहावं लागतं.

मी म्हटलं, "बाई, हे खोटं आहे."

त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, रडून नव्हे, जागरणाने. म्हणाल्या, "सहा वर्षं मी दोन मावश्या मागते आहे. पत्रांची फाइल बघायची आहे? तक्त्यावर 'नाही' आलं तर अनुदान थांबेल, संस्था बंद. मग या बावीस बायका कुठे ठेवू, माझ्या घरी? ज्यांच्या घरच्यांनी पत्तेसुद्धा खोटे दिलेत, त्या?"

"पण निरंक लिहिलं तर मावश्या कशाला देतील, बाई? सगळं सुरळीत आहे म्हणतील."

त्यांनी चष्मा परत घातला आणि पुढचा कागद ओढला. मी रजिस्टर घेऊन भांडारात गेले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुपारी दोन ते पाच भांडारात. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. निरंक. निरंक. निरंक. तीन पेनं दिली आहेत, निळं, काळं आणि एक झिजलेलं. मध्येमध्ये बदलायची. सही आळीपाळीने आम्हा तिघी मावश्यांची. बाकी दोघींच्या सह्या त्यांनीच आल्या गेल्या करून दिल्या, हसत.

नणंद चहा घेऊन आली. रजिस्टर उलटंसुलटं करून म्हणाली, "फार कोरं करकरीत दिसतंय गं. कोणी म्हणेल कालच जन्माला आलंय!" आणि चहाचा पेला उचलून पुठ्ठ्यावर ठेवला. गोल डाग पडला. "हं. आता वाटतंय ऑफिसचं."

मी हसले. खरंच हसले. मग तिला म्हटलं, "मी हे करू नये असं वाटतंय."

"कर," ती म्हणाली. हसणं गेलं होतं. "दादा गेला तेव्हा मी तुला इथे आणलं. तुझ्या खऱ्याखोट्यापायी आपल्या दोघींच्या डोक्यावरचं छप्पर काढू नकोस, वहिनी. तू काय मारतेस का तिला? मऊ गादी घालून बांधतेस."

तेच तर.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल आणि आज मिळून वर्ष संपवलं. शेवटी शेवटी हात आपोआप चालतो. तारीख, निरंक, सही. तारीख, निरंक, सही. पाटीत रंग भरल्यासारखं. अक्षराचं पोट भरत जायचं, अर्थाकडे बघायचंच नाही.

अकराला वर जाऊन बांधते, दोनला खाली येऊन बांधलं नाही असं लिहिते.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल रजिस्टर पुरं झालं. पण त्याआधीचं लिहायचं आहे.

काल अकराला पट्ट्या हातात घेतल्या आणि कंडक्टरबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. पुस्तिकेत म्हटलंय ना विचारावं, म्हणून विचारलं. "बाई, बांधू का?"

त्या चालता चालता थांबल्या. माझ्याकडे बघितलं. असं नीट त्या कधी बघत नाहीत, त्यांचं लक्ष नेहमी पुढच्या स्टॉपवर. म्हणाल्या, "मला विचारताय?"

"हो."

"नको."

एवढंच. ओरडल्या नाहीत, हात झटकला नाही. साध्या, शहाण्या माणसाचा आवाज. तीन वर्षांत मला वाटत होतं त्यांना कळत नाही.

आणि मी बांधलं! खालून हाक येत होती, ताटं आली, वॉर्डात मी एकटी, आणि मी बांधलं. त्यांनी स्वतः मनगटं पुढे केली. न विचारता बांधणं वाईट म्हणून पुस्तिकेत लिहिलंय. विचारून, नको म्हटल्यावर बांधणं याला काय म्हणायचं, ते कुठल्या पानावर आहे?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दुसऱ्या संस्थेतून चार मावश्या आल्या. उसन्या. दोन दिवसांसाठी. पट्ट्या धुऊन, घड्या घालून कपाटात कुलपात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कमिटी येऊन गेली. एक बाई, एक साहेब. माणसं वाईट नव्हती.

वॉर्ड कसा दिसत होता! सात मावश्या. कोपऱ्यातल्या आजींची खुर्चीसुद्धा एकीने शेजारी बसून उजेडाकडे टिकवून धरली. कंडक्टरबाई सकाळपासून मोकळ्या. साहेब आत आले तशा त्यांच्या वाटेत आडव्या — "तिकीट!" साहेब हसले आणि खिशातून स्वतःचं कार्ड काढून दिलं. कंडक्टरबाईंनी ते नीट वाचलं, अर्धं फाडून अर्धं परत दिलं आणि म्हणाल्या, "पुढे सरका. दारात उभं राहू नका." साहेबांनी वहीत लिहिलं. मी मागे होते, वाचलं. "रुग्ण आनंदी."

मग कमिटीच्या बाई माझ्याकडे वळल्या. मावशी, एक साधी सकाळ सांगा.

पाणी तापवते. चादरी झटकते. तोंडं धुते. चहा, गोळ्या, केस, नखं, खिडक्या. एक वाजता जेवण.

"अकरा ते एक?" त्यांनी विचारलं. प्रेमळ आवाजात. माझ्या तोंडाकडे बघत. एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी!

"विश्रांती," मी म्हटलं.

साहेब टेबलाशी रजिस्टर घेऊन बसले होते. वाचत नव्हते. पानं मोजत होते, प्रत्येकावर आकडा आणि शिक्का. फटाफट. मी चहा ठेवायला वाकले तेव्हा त्यांच्या हाताखालचं पान दिसलं. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. अठ्ठावीस, निरंक. एकोणतीस, निरंक. तीस, निरंक.

तीस फेब्रुवारी! पेन थांबलंच नव्हतं माझं. साहेबांनी त्यावर शिक्का मारला आणि पान उलटलं.

कपबशा घेऊन बाहेर आले आणि जिन्यात हसू फुटलं. मग ते हसू राहिलं नाही. चारशेवर ओळी लिहिल्या त्यात तेवढी एक ओळ खरी. तीस फेब्रुवारीला आम्ही कोणालाही बांधलं नाही.

जाताना साहेब मोठ्या बाईंना म्हणाले, आता यातलं पान निघणार नाही, सहा महिन्यांनी हेच बघू. आणि हे ऑफिसात नको, वॉर्डात असू दे. जी बांधेल तिनेच लिहायचं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उसन्या मावश्या सकाळीच गेल्या.

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. कमिटीच्या शेऱ्याची प्रत हातात दिली. त्यांनाही कोणीतरी वाचणारं हवं होतं बहुतेक. "स्थानिक नियम कराराशी सुसंगत — हो." खाली: "बंधनाचा वापर निरंक असल्याने जादा सेविकांच्या मागणीची आवश्यकता दिसत नाही."

"तुम्ही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. एवढंच.

अकराला नणंद पट्ट्या घेऊन आली. तिने कपाटातून काढून इस्त्री करून आणल्या होत्या, माझं काम हलकं व्हावं म्हणून. कंडक्टरबाई गाडीच्या मधोमध होत्या. मला येताना बघितलं आणि जाऊन खुर्चीत बसल्या. मी काही विचारलं नाही. बांधलं.

पंधरा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "काल तर गाडी चांगली चालली होती."

रजिस्टर समोर टेबलावर होतं. जी बांधेल तिने लिहायचं. मी लिहिलं नाही. निरंकसुद्धा नाही. घरी आले. जेवण गेलं नाही. नणंद म्हणाली, "झालं ना सगळं पार? आता कसला घोर?"

झालं, म्हटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अकराला बांधलं नाही. वॉर्डाच्या दाराला आतून कडी घातली, दाराशीच खुर्ची टाकून बसले, रजिस्टर उघडलं आणि कालची ओळ लिहिली. वेळ अकरा ते एक. कारण, माणूस कमी. रुग्णाला विचारले का — असा रकाना नाही, तो समासात आखून लिहिलं, मागे विचारले होते, नको म्हणाल्या होत्या. बांधणारी, मी. त्याखाली लिहिलं: वरच्या सर्व ओळी मी एकटीने चार दुपारी लिहिल्या आहेत, त्या खोट्या आहेत, बंधन रोज होत होते. सही केली. एक वाजता रजिस्टर मोठ्या बाईंच्या टेबलावर उघडं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. 'आदेश देणार' हा रकाना मी मोकळा सोडला होता. त्यांनी त्यात स्वतःची सही केली, तारीख घातली. मी रजिस्टर उचललं आणि वॉर्डात नेऊन ठेवलं.